मागच्या चाकांचे ब्रेक

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने आम्हांस कळविले, तेव्हा बाजारपेठेच्या जुन्या आठवणी किंवा वस्तू व सेवा कराच्या अडचणी यांपैकी एखादा नेहमीचा विषय आमच्याकडून येईल, अशीच त्यांची अपेक्षा असावी. त्या दोन्ही विषयांवर लिहावयास आमच्यापेक्षा अधिकारी मंडळी संघात पुष्कळ आहेत. आम्ही मात्र मोटारीच्या मागच्या चाकांच्या ब्रेकविषयी, आणि त्यातही ब्रेकच्या पॅडविषयी लिहिण्याचे योजिले आहे. व्यापारी संघाच्या अंकात हा विषय कोठून आला, असे कित्येक वाचकांस वाटेल. म्हणून त्याचे कारण प्रथम सांगतो.

बेळगावचा व्यापारी आणि घाट यांची गाठ जुनी आहे. गोव्याकडे उतरावयाचे तर चोर्ला, अनमोड किंवा आंबोली यांपैकी एक घाट उतरावाच लागतो. उधारी वसूल करावयाची असो, माल पाहावयाचा असो अथवा सोयऱ्यांकडील लग्न असो, आपण जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याने निघतो, चोर्ल्याच्या माथ्यावर चहा घेतो आणि केरी-साखळीकडे उतरू लागतो. या उतरणीवर आपला जीव ज्या वस्तूच्या भरवशावर असतो, ती वस्तू तळहाताएवढीही नाही आणि ती विकत घेताना आपण दोन मिनिटेही विचार करीत नाही. आम्हीही केला नव्हता.

डिसेंबर २०२२ मध्ये म्हापशास एका लग्नासाठी आम्ही सहकुटुंब निघालो होतो. गाडीत पाच माणसे, मागे आहेराचे सामान. निम्मा घाट उतरून झाला असेल, तोच मागच्या उजव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासावे तसा खरखराट येऊ लागला आणि पाठोपाठ जळका वास. आमचे थोरले बंधू शेजारी बसले होते. ते एवढेच म्हणाले, "थांबव. पुढच्या वळणाची वाट पाहू नकोस." गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने दुसऱ्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्याहून थोड्याच अधिक वेगाने आम्ही साखळी गाठली. तेथील मेस्त्रीने चाक काढले आणि एक पॅड आमच्या हातावर ठेवला. त्या पॅडची मागची पोलादी पट्टी शाबूत होती. परंतु तिच्यावर चिकटविलेला घर्षणाचा थर संपूर्ण सुटून पडला होता. तो झिजला नव्हता, सुटला होता. उघडी पट्टी डिस्कवर घासून तिच्यावर खोल चरे पडले होते.

हे पॅड आम्ही सहा महिन्यांपूर्वी बसविले होते. खोका नामांकित कंपनीचा दिसत होता, छपाई सुबक होती आणि किंमत मात्र नेहमीच्या दराच्या निम्मी. कोणत्या दुकानातून घेतले, ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. स्वस्त मिळाले म्हणून घेणारे आम्हीच होतो, बिल न मागणारेही आम्हीच. मूळ कंपनीच्या पॅडशी तो खोका जेव्हा आम्ही ताडून पाहिला, तेव्हा अक्षरांचा रंग थोडा फिका आणि भागक्रमांकातील एक आकडा कमी, एवढाच फरक सापडला.

आता या वस्तूचे काम काय, ते पाहू. ब्रेक गाडी थांबवितो असे आपण म्हणतो. वास्तविक तो गतीची उष्णता करतो. माणसे व सामान धरून आमच्या गाडीचे वजन सुमारे १,७०० किलो होते, असे समजा. चोर्ल्यापासून केरीपर्यंतची उतरण सुमारे ७०० मीटरांची धरली, तर एवढे वजन तितके खाली येताना जी ऊर्जा बाहेर पडते, तिने ३५ लिटरांहून अधिक पाणी उकळीस येईल. यातील काही वाटा हवा व रस्ता शोषून घेतात. खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवल्यास मोठा वाटा इंजिन घेते. उरलेली सर्व उष्णता ब्रेकच्या थोड्याशा लोखंडावर आणि त्या तळहातभर पॅडांवर पडते. चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणारा माणूस ही सारी चूल ब्रेकखालीच पेटवितो. मग दोनपैकी एक अनर्थ होतो. पॅड तापून त्याची पकड कमी होते. अशा वेळी पेडल पायाखाली कडकच लागते, पण गाडी थांबत नाही. किंवा ब्रेकचे ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पेडल मऊ पडते आणि थेट तळाशी जाते. दुसरा प्रकार पहिल्याहून भयंकर.

ब्रेक ऑइलवर डॉट ३, डॉट ४ असे आकडे असतात. नवे असताना डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. परंतु हे द्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ओलावलेल्या स्थितीत हीच मर्यादा अनुक्रमे १४० व १५५ अंशांवर येते. आपल्याकडील पावसाळा आणि गोव्याची दमट हवा लक्षात घेता दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, हा नियम येथे तरी अतिशयोक्तीचा नाही. पुष्कळ लोक पॅड वेळेवर बदलतात आणि ऑइल मात्र गाडी विकेपर्यंत तेच ठेवतात.

पॅड घ्यावयास दुकानात जाण्यापूर्वी आपल्या गाडीच्या मागच्या चाकांत काय आहे, हे पाहून घ्यावे. आपल्या देशातील बहुसंख्य लहान मोटारींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रममध्ये पॅड नसतात. त्यात कमानीच्या आकाराचे शू असतात, आणि त्यांसच गॅरेजमध्ये लायनर म्हणतात. मागे पॅड असतात ते चारही चाकांना डिस्क असलेल्या गाड्यांत. दुकानदाराने "मागचे ब्रेक" एवढेच ऐकून काढून दिलेली वस्तू कित्येकदा याच घोटाळ्यामुळे परत येते. केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार व प्रकारानुसार मागे ड्रम किंवा डिस्क असू शकते, आणि डिस्क असली तरी कॅलिपर दोन जातींचा असू शकतो. चॅसिस क्रमांक दाखवून भागक्रमांक काढावा, हाच खात्रीचा मार्ग होय.

पॅडचा घर्षणाचा थर कशाचा असतो, यात अनेक जाती आहेत. सेंद्रिय जातीत तंतू, राळ व भरणद्रव्ये असतात. तो मऊ, शांत आणि डिस्कला सोसणारा असतो, परंतु अति उष्णतेत लवकर हार खातो. अर्धधातुयुक्त जातीत पोलादाचे तंतू व लोहचूर्ण बरेच असते. तो उष्णता चांगली सोसतो, मात्र डिस्क अधिक झिजवितो व आवाजही करतो. सिरॅमिक म्हणून विकला जाणारा पॅड शांत, कमी धूळ करणारा व महाग. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीस सेंद्रिय पॅड पुरे पडतो. दर पंधरवड्यास घाट उतरणाऱ्याने मात्र कंपनीने मूळ जो प्रकार बसविला असेल त्याहून हलका प्रकार घेऊ नये.

या धंद्याचा आरंभ मोठा गमतीचा आहे. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील डोंगराळ भागात उतरणीवर घोडागाड्या आवरण्यासाठी गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचे चामडे लावीत. हर्बर्ट फ्रूड नामक गृहस्थाने ते पाहिले, त्यावर प्रयोग केले आणि १८९७ मध्ये घर्षणद्रव्यांचा धंदा काढला. तोच पुढे फेरोडो या नावाने जगभर पसरला. घाटाची गरज तेथेही होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे अनेक दशके साऱ्या जगात ब्रेकच्या थरात ॲस्बेस्टॉस वापरीत असत. ते उष्णतेस टिके, स्वस्त पडे; परंतु त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत बसतात आणि कित्येक वर्षांनी असाध्य रोग उत्पन्न करतात. युरोपीय संघाने १९९९ मध्ये त्यावर बंदीचा निर्देश काढून तो २००५ पर्यंत सर्व सदस्य राष्ट्रांत लागू केला. ज्या खोक्यावर ॲस्बेस्टॉसविरहित असे स्पष्ट छापलेले नाही, तो खोका परत करावा, असे आमचे मत आहे. आपल्यापेक्षा त्या मेस्त्रीचा विचार अधिक करावा. तो दिवसातून दहा चाके उघडतो आणि तोंडाने फुंकर मारून धूळ उडवितो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर २०१० मध्ये कायदा करून पॅडमधील तांब्यावरही टप्प्याटप्प्याने मर्यादा घातली. रस्त्यावर पडणारी तांब्याची भुकटी पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन माशांस अपाय करते, हे त्याचे कारण.

कित्येक पॅडांच्या कडेवर अक्षरांची एक ओळ छापलेली असते. तिच्या शेवटी रोमन लिपीतील दोन अक्षरे असतात, बहुधा ई, एफ किंवा जी. पहिले अक्षर साधारण तापमानातील घर्षणांक दाखविते, दुसरे तापलेल्या अवस्थेतील. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. यात दुसरे अक्षर पहिल्याहून खालचे असेल, तर तो पॅड तापल्यावर पकड सोडतो, हे घाट उतरणाऱ्याने ओळखावे. ही अक्षरे पॅड किती टिकेल किंवा किती उत्तम आहे, हे सांगत नाहीत. केवळ पकड सांगतात.

येथे एक गोष्ट सावकाश समजून घेण्याजोगी आहे, कारण तीच लोक उलटी समजतात. पकड जितकी अधिक तितका पॅड चांगला, असा समज आहे. पुढच्या चाकांपुरता तो काही अंशी चालेल, मागच्या चाकांस मुळीच नाही. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, उतारावर तर तो आधीच पुढे असतो. त्यामुळे मागची चाके रस्त्यावर हलकी टेकलेली असतात. जोराच्या ब्रेकमध्ये सुमारे दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक काम पुढच्या चाकांस करावे लागते. अशा वेळी मागच्या चाकांस अधिक पकडीचे पॅड घातले, तर ती पुढच्या चाकांच्या आधी अडकतात, आणि मागची चाके अडकली की गाडीचे शेपूट एका बाजूस फिरते. पुढची चाके अडकली तर गाडी निदान सरळ जाते. चाके अडकू न देणारी एबीएस योजना आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली आहे, आणि तिने हा धोका पुष्कळ कमी केला. परंतु आपल्या घरांत त्यापूर्वीच्या गाड्या कितीतरी आहेत. युरोपातील नियमांत बदलीच्या पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर असावी, अशी अट आहे, ती याचसाठी. म्हणून मागे मूळ श्रेणीचेच पॅड घालावेत. त्याहून कमी नको, तशीच त्याहून अधिक पकडही नको.

आता बनावट मालाविषयी. आमच्या संघात मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापार करणारे बरेच बंधू आहेत, आणि हा भाग त्यांस रुचेल असे नाही. कापड हातात घेऊन पाहता येते, धान्य दाताखाली चावता येते. ब्रेक पॅड पारखण्याचे कोणतेही साधन गिऱ्हाइकाजवळ नसते; तो दुकानदाराच्या तोंडाकडे पाहून घेतो. पट्टीवर थर नीट चिकटविला आहे की नाही, तो किती उष्णता सोसेल, हे दुकानदारासही डोळ्यांनी कळत नाही. परंतु माल कोठून आला आणि कोणत्या भावाने आला, हे त्यास पक्के ठाऊक असते. अधिकृत वितरक ज्या भावाने देतो त्याच्या निम्म्यात तोच खोका कोणी दारात आणून देत असेल, तर आत तीच वस्तू नाही, हे समजण्यास पारख लागत नाही. आमचे सुट्या भागांचे एक व्यापारी स्नेही यावर म्हणाले, "गिऱ्हाईकच स्वस्त मागतो, आम्ही न दिले तर शेजारचा देतो." त्यांचे म्हणणे खोटे नाही. आम्ही स्वतः तसेच गिऱ्हाईक होतो. मात्र त्यांच्या दुकानात त्यांच्या स्वतःच्या गाडीसाठी कोणता खोका निघतो, हे विचारल्यावर ते हसले आणि त्यांनी विषय बदलला. संघाने सुट्या भागांच्या विक्रेत्यांची बैठक बोलावून, ब्रेकचा कोणताही भाग पक्क्या बिलाविना विकावयाचा नाही, एवढा एकच ठराव केला तरी पुष्कळ झाले. बिल असले म्हणजे माल कोठून आला, हे मागे शोधता येते.

पॅड केव्हा बदलावा, याची खूण सोपी आहे. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरांवर आला की नवे पॅड आणून ठेवावेत. २ मिलिमीटरांखाली गाडी चालवू नये. बऱ्याच पॅडांस पोलादाची एक लहान जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला लागून किंचाळते. तो आवाज बिघाड नव्हे, निरोप आहे. मागचे पॅड मुळातच पुढच्यांपेक्षा पातळ असतात आणि अलीकडच्या काही गाड्यांत ते पुढच्यांच्या आधी झिजतात, तेव्हा "पुढचे चांगले आहेत म्हणजे मागचेही असतील" हा हिशेब चुकीचा ठरतो. तसेच आतला व बाहेरला असे दोन्ही पॅड पाहावेत. बाहेरचा जाड आणि आतला संपलेला, असे दिसले तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या आहेत, असे समजावे. नुसते पॅड बदलून तो दोष जात नाही.

काम स्वतः करावे की मेस्त्रीकडून करवावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु करवून घेणाऱ्यासही क्रम ठाऊक असावा. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत आणि हँडब्रेक सोडावा. मागचे काम असल्याने तो ओढलेला ठेवून चालत नाही. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करावेत. जॅकने गाडी उचलल्यावर तिच्याखाली पक्का स्टँड द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणी हात आत घालू नये. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी नमुना म्हणून पाहता येते. कॅलिपर सोडल्यावर तो तारेने वर टांगावा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. डिस्क त्याखाली गेली असेल तर नवे पॅड घालणे व्यर्थ होय.

यानंतरची पायरी मागच्या ब्रेकची खास आहे आणि येथेच सर्वांत अधिक नुकसान होते. नवा पॅड जाड असल्याने पिस्टन आत बसवावा लागतो. पुढच्या कॅलिपरमध्ये तो नुसता दाबला की जातो. मागच्या पुष्कळ कॅलिपरांत मात्र हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनच्या आतच आट्यांवर बसविलेली असते. असा पिस्टन दाबत दाबत फिरवावा लागतो, बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. त्यासाठी वेगळे हत्यार मिळते. क्लॅम्प लावून जोर केला की आतील यंत्रणा मोडते आणि काही शेकड्यांच्या कामात काही हजारांचा कॅलिपर जातो. ज्या गाड्यांत हँडब्रेकचा दांडा नसून केवळ बटण असते, त्यांत कॅलिपरवर विजेची लहान मोटर असते. ती आधी दुरुस्तीच्या स्थितीत न्यावी लागते, व कित्येक गाड्यांत ते काम संगणकाच्या यंत्राविना होत नाही. ज्या गॅरेजमध्ये ते यंत्र नाही, तेथे अशी गाडी देऊ नये. पिस्टन आत जाताना ऑइलची पातळी वर चढते. मध्यंतरी कोणी भर घातलेली असेल तर ते ओसंडते व बॉनेटखालचा रंग खाते; म्हणून त्या भांड्यावर लक्ष ठेवावे.

धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने किंवा ब्रेकसाठी मिळणाऱ्या द्रव्याने काढावी. सरकणाऱ्या पिनांना ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. घर्षणाच्या थरास व डिस्कला तेलकट बोटही लागू देऊ नये. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेकमध्ये एकीकडे ओढते.

सर्व जोडून झाल्यावर, इंजिन सुरू करून गाडी हलविण्यापूर्वी, ब्रेकचे पेडल कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्या दोनतीन वेळा पेडल तळास जाते आणि ब्रेक मुळीच लागत नाही. आमच्या परिचयाच्या एका तरुणाने पॅड अगदी व्यवस्थित बदलले, हात धुतले, गाडी मागे घेतली आणि स्वतःच्याच घराची कुंपणभिंत पाडली. भिंतीवर निभावले, मागे लहान मूल असते तर काय झाले असते, ते सांगावयास नको.

नवे पॅड लगेच पूर्ण पकड देत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरांपासून १० पर्यंत मध्यम जोराने आठदहा वेळा वेग उतरवावा, मधे मधे गाडी चालू ठेवून ब्रेक निवू द्यावेत, आणि तापलेल्या ब्रेकवर गाडी दाबून उभी ठेवू नये. पुढील दोनतीनशे किलोमीटर निकराचा ब्रेक शक्यतो टाळावा. नवे पॅड घालून त्याच दिवशी घाट उतरू नये. शंभरएक किलोमीटरांनंतर चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत आणि ऑइलची पातळी पाहावी. आमची गाडी आता दुसऱ्या गिअरमध्ये चोर्ला उतरते. मागून येणारी वाहने भोंगे वाजवितात, आणि थोरले बंधू त्यांस हातानेच पुढे जाण्याची खूण करतात.